व्हॉल्व्हसाहेबांचा घसा

डॉक्टरांच्या केबिनमध्ये माणसाने शक्यतो गप्प बसावं. तिथे बोललेलं वाक्य केसपेपरवर लिहिलं जात नसेल, पण बायकोच्या लक्षात राहतं, आणि केसपेपर निदान हरवू तरी शकतो. पाणीपुरवठा खात्यातल्या एका अभियंत्याला हे शहाणपण वेळेवर सुचलं नाही. सगळी कॉलनी त्यांना आधी पाठीमागे आणि हल्ली तोंडावरही व्हॉल्व्हसाहेब म्हणते. ते खुर्चीत पुढे सरकून म्हणाले, "कॅप्सूल गिळायला काय अक्कल लागते, डॉक्टर? सोमवारपर्यंत मी शिकवतो तिला."

ती म्हणजे त्यांची नऊ वर्षांची लेक. शाळेच्या हजेरीत तिचं नाव दुसरं असेल, पण घरीदारी ती भिंगरी. छातीचं दुखणं लहानपणापासून मागे लागलेलं असूनही जी एका जागी म्हणून बसत नाही, तिला दुसरं काय म्हणणार? तिच्या फुप्फुसांतल्या बारीक नळ्या नको तितक्या रुंद झाल्या होत्या. त्यांत कफ साचायचा आणि साचलेल्या कफात जंतू मधूनमधून मुक्काम ठोकायचे. डॉक्टरांनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा भिंगरीच्या आईच्या डोळ्यांना धार लागली होती. व्हॉल्व्हसाहेब मात्र म्हणाले होते, "समजलं. लाइनीत गाळ." तेव्हापासून रोज सकाळी ते लेकीला उशीवर पालथं घालून पाठीवर थापट्या मारत आणि गाळ काढत. खात्यात त्यांच्या कामाविषयी दोन मतं असतील, पण हे काम ते फार मनापासून आणि फार चांगलं करत.

या वेळी खोकला हटत नव्हता. कफ तपासायला दिला होता, त्याचा निकाल सोमवारी यायचा होता. डॉक्टर म्हणाले की औषध द्यावंच लागणार, पण ते आता कॅप्सूलमध्ये मिळतं आणि पोटातून घेतलं तरी तितकंच लागू पडतं. अडचण एवढीच, की भिंगरीला कॅप्सूल गिळता येत नाही. फोडून द्यायची नाही, चावायची नाही. गिळली तर उपचार घरी, नाही तर मागच्यासारखं वॉर्डात राहून सलाईनमधून. मागच्या वेळी सिस्टरना शीर सापडता सापडत नव्हती. दोन्ही हात टोचून टोचून निळे झाले होते आणि पोर शेवटी रडायचीही बंद झाली होती. डॉक्टरांनी 'वॉर्ड' म्हटल्याबरोबर भिंगरीने दोन्ही हात हळूच मांड्यांखाली सरकवले आणि त्यांच्यावर बसून राहिली. व्हॉल्व्हसाहेबांनी ते पाहिलं. आणि ते वर सांगितलेलं वाक्य बोलून बसले.

डॉक्टर खूश झाले. सरावासाठी त्यांनी रिकाम्या कॅप्सूलचं एक पाकीट दिलं. लाल टोपण, पिवळं बूड, आत काही नाही. सोमवारी सिस्टरसमोर गिळून दाखवायची, असं ठरलं.

आता या सगळ्यात एक बारीकशी गोची होती. व्हॉल्व्हसाहेबांनी स्वतः आयुष्यात एकही गोळी गिळलेली नव्हती.

लहानपणी त्यांची थोरली बहीण गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडून साखरेतून द्यायची. मोठेपणी त्यांनी यातून तत्त्वज्ञानाची वाट काढली. ताप आला की म्हणत, शरीराला स्वतः लढू द्यावं. डोकं दुखलं की म्हणत, माणसं हल्ली ऊठसूट गोळ्या खातात. लग्नानंतर बायकोला वाटलं, माणूस हेकट आहे पण तत्त्वाचा आहे, आणि ती ते कौतुकाने माहेरी सांगत असे. खरं कारण जगात फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातली एक व्यक्ती, म्हणजे भिंगरीची आत्या, दर रविवारी जेवायला येत असे.

पहिला धडा त्याच संध्याकाळी झाला. व्हॉल्व्हसाहेबांनी कागदावर तोंड, जीभ आणि घसा यांचा नकाशा काढला, प्रवाहाची दिशा बाणांनी दाखवली आणि दाब म्हणजे काय यावर चांगलंच लांबलेलं भाषण केलं. भिंगरीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी तू गिळून दाखव." ते म्हणाले, मी कुठे आजारी आहे. ती म्हणाली, ही तरी कुठे औषधाची आहे, रिकामीच तर आहे. आई दारात उभी राहून बघत होती. माघार घ्यायला जागाच उरली नाही.

त्यांनी कॅप्सूल जिभेवर ठेवली, घोट घेतला, मान मागे टाकली. पाणी गेलं, कॅप्सूल तिथेच. आणखी एक घोट, आणखी एक पेला. पोटात पाणी डुचमळायला लागलं, पण ती लाल-पिवळी बाई काही हलेना. शेवटी ती टाळूला जाऊन चिकटली ती चिकटलीच. व्हॉल्व्हसाहेबांनी तोंड मिटून, चेहरा प्रसन्न ठेवून, 'झालं' अशी खूण केली आणि गॅलरीत निघाले. तेवढ्यात फोन वाजला. कार्यकारी अभियंता होते.

वरिष्ठांनी विचारलं, मोठी टाकी धुवायची आहे, रविवारी तुमच्या भागाचं पाणी दिवसभर बंद ठेवलं तर चालेल का? एरवी अशा प्रश्नावर व्हॉल्व्हसाहेब हरकतींची मालिका लावत. पण टाळूला कॅप्सूल चिकटलेल्या माणसाला जगात एकच अक्षर बोलता येतं. ते म्हणाले, "हं." संध्याकाळपर्यंत? "हं." लोकांना तुम्ही कळवाल ना? "हं." वरिष्ठांना इतका आनंद झाला की त्यांनी सहकार्याबद्दल आभार मानले. फोन ठेवून व्हॉल्व्हसाहेबांनी टाळू खरवडायला घेतली, आणि त्या खटपटीत पाणी, टाकी, रविवार हे सगळं त्यांच्या डोक्यातून साफ धुऊन निघालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी वाट धरली. इतकी तऱ्हेतऱ्हेची औषधं निघतात, तर हेच औषध पातळ कुठेतरी मिळतच असणार. अर्धी रजा टाकून ते रुग्णालयाच्या औषध खिडकीवर गेले. तिथला कारकून म्हणाला, पलीकडच्या खिडकीत विचारा. पलीकडची खिडकी म्हणाली, आधी चिठ्ठीवर सही आणा. सही करणारे जेवायला गेले होते, आणि जेवून आले तेव्हा म्हणाले, ही सही माझी नसते, वरच्या मजल्यावरची असते. वरच्या मजल्याने पुन्हा पहिल्या खिडकीकडे पाठवलं. व्हॉल्व्हसाहेबांना हा रस्ता कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता, पण कुठे ते आठवेना. शेवटी पहिल्या खिडकीतला कारकून डोळेही वर न करता म्हणाला, "वरून आलं की खाली सुटेल."

हे वाक्य ऐकल्यावर मात्र त्यांना घाम फुटला. ते त्यांचंच होतं. गेली कित्येक वर्षं नळाला पाणी का नाही असं विचारायला आलेल्या माणसाला ते हेच, अगदी याच चालीवर ऐकवत आले होते. ऐकणाऱ्याला ते कसं लागतं, हे आज पहिल्यांदा कळलं. मागे उभ्या असलेल्या एका म्हातारबाबांना दया आली आणि त्यांनी सांगितलं की या औषधाचं पातळ कुठे निघतच नाही, ते स्वतः महिनाभर हिंडून थकलेत. व्हॉल्व्हसाहेब हात हलवत घरी आले.

शनिवारी मोठ्यापासून नको, छोट्यापासून सुरुवात करू, असा विचार करून त्यांनी केकवर शिंपडतात त्या साखरेच्या रंगीत गोळ्यांचा डबा आणला. भिंगरीने त्या आनंदाने चघळल्या. विचारलं तर म्हणाली, मी गिळायच्या आधीच त्या विरघळतात, त्याला मी काय करू. व्हॉल्व्हसाहेबांनी स्वतः लपून सराव केला, आणि त्यांचीही तीच तक्रार होती. दुपारपर्यंत डबा संपला. शिक्षण शून्य, मुंग्या मात्र भरपूर.

रविवार उजाडला आणि नळाने सूं करून हवा सोडली. भिंगरीची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि नवऱ्याकडे नुसती बघत राहिली. पाणीखात्यातल्या माणसाच्या घरात एक पिंपसुद्धा भरलेलं नव्हतं, कारण घरातल्या कोणालाच पत्ता नव्हता. व्हॉल्व्हसाहेबांना फोन आठवला, तिन्ही 'हं' आठवले आणि ते मटकन खुर्चीत बसले.

कॉलनीला कळायला वेळ लागला नाही. आधी वरच्या मजल्यावरचे निवृत्त कवायत मास्तर रिकामी बादली हातात धरून आले. पाठोपाठ खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून आल्या. पाणी कापणार होतात तर एक शब्द सांगायचा, असं दोघांचं म्हणणं होतं आणि ते अगदी रास्त होतं. पण भांडायला आलेला माणूस कोपऱ्यात पाण्याचा पेला आणि कॅप्सूल घेऊन बसलेली पोर पाहतो तेव्हा त्याचं भांडण निम्म्यावर येतं, आणि सल्ला द्यायची संधी दिसली की उरलेलं निम्मंही जातं. काकू म्हणाल्या, केळ्यातून द्या. भिंगरीची आई म्हणाली, दिलं होतं, केळं गेलं आणि कॅप्सूल उरली. काकू म्हणाल्या, मग नाक दाबा. मास्तरांनी बादली खाली ठेवली आणि सूत्रं हातात घेतली.

"हा सगळा शिस्तीचा प्रश्न आहे," ते म्हणाले. "छाती पुढे. मान मागे. घोट घे. गिळ."

आकडे मोजत त्यांनी हे इतक्या रुबाबात करून दाखवलं की काकूंचीही मान आपोआप मागे गेली. भिंगरीने सांगितलं तसं केलं. मान मागे टाकली आणि मोठा घोट घेतला. पाणी भलतीकडे गेलं. तिला ठसका लागला, त्या ठसक्यातून तिचा नेहमीचा खोकला उठला आणि थांबेचना. ती दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकली होती. आई पाठ चोळत होती. मास्तरांचा चेहरा पार उतरला. खोकला थांबल्यावर भिंगरीने लाल झालेले डोळे पुसले आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मला नाही जमणार. मला वॉर्डात ठेवा."

तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. ते शांत बोलणं व्हॉल्व्हसाहेबांना सोसवेना. ते तिला ओरडलेही नाहीत आणि समजावतही बसले नाहीत, नुसते उभे राहिले. नेमकी त्याच वेळी आत्या दारातून आत आली. चप्पल काढता काढता तिने कॅप्सूल पाहिली, भावाचा चेहरा पाहिला, आणि काय चाललंय ते न विचारता तिला कळलं. तिने बोलायला तोंड उघडलं. व्हॉल्व्हसाहेबांनी हात वर करून तिला थांबवलं. त्यांना वाटलं, हे आपणच सांगितलेलं बरं.

ते लेकीसमोर फरशीवर बसले. "भिंगरी, मला पण नाही जमत. कधीच जमलं नाही. त्या दिवशी तुला दाखवलं ना, ती खोटी गिळली. टाळूला चिकटली होती."

काकूंना हसू आवरेना, मास्तर खाकरले, आणि भिंगरीच्या आईने अतिशय सावकाश विचारलं, "म्हणजे शरीराला स्वतः लढू द्यावं, ते?"

"ते यामुळेच," व्हॉल्व्हसाहेब म्हणाले. आत्याने जोरात मान हलवून दुजोरा दिला आणि साखर किती लागायची तेही सांगितलं. वाहत्या पाण्यात हात धुऊन घेणारी माणसं असतात. त्या दिवशी पाणी नव्हतं, तरी आत्याने घेतले.

पण भिंगरी हसत नव्हती. ती बापाकडे एकटक बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रडण्याऐवजी आता चौकशी दिसायला लागली. तिने विचारलं, खरंच नाही जमत? नेमकी कुठे अडकते? तिने कपाटातून विजेरी काढली, बापाला खुर्चीत बसवलं आणि गिळायला सांगितलं. ते गिळत, ती विजेरी मारून तोंडात बघे. मान मागे, घोट, आ कर. "पुढे आलीय. दातांच्या मागे." पुन्हा मान मागे, पुन्हा घोट, पुन्हा आ. पुन्हा कॅप्सूल पुढेच. सगळी कॉलनी आपल्या जबड्यात डोकावते आहे, याचं व्हॉल्व्हसाहेबांना त्या वेळी काहीच वाटलं नाही. ते लेकीचा चेहरा बघत होते. तिला शिकवायचं राहिलं बाजूला, आता तीच त्यांच्या घशाची पाहणी करत होती.

शेवटी त्यांना उमासा आला आणि त्यांनी कॅप्सूल पाण्यासकट पेल्यात थुंकली. काकूंनी तोंड फिरवलं. भिंगरीने मात्र पेला उचलून डोळ्यांसमोर धरला. कॅप्सूल पाण्यावर तरंगत होती. तिने पेला डावीकडे कलता केला, कॅप्सूल पाण्याच्या वरच राहिली. उजवीकडे कलता केला, तरीही वरच राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "ही वर जाते. तू मान मागे केलीस की दात वर येतात आणि घसा खाली जातो. म्हणून ही दातांकडे येते."

व्हॉल्व्हसाहेबांनी पेल्याकडे पाहिलं. टाकीतला तरंगता गोळा पाण्याबरोबर वर येतो आणि नळ बंद करतो, यावर त्या गृहस्थांची उभी नोकरी गेली होती. ती एवढीशी गोष्ट तोंडात घेऊन ते चार दिवस हिंडत होते आणि डोक्यात प्रकाश पडला नव्हता. ते पुटपुटले, "मग मान खाली केली तर?"

"मग घसा वर," भिंगरी म्हणाली. "मी करते."

आता पाणी हवं होतं, आणि घरात थेंब नव्हता. उरलेलं सगळं बापलेकीच्या पोटात गेलं होतं. भिंगरीची आई रिकामं भांडं हातात धरून उभी राहिली. तेवढ्यात काकू काही न बोलता जिना उतरल्या आणि दिवसभरासाठी जपून ठेवलेली बाटली घेऊन आल्या. मास्तर वर गेले आणि त्यांच्या चहाचं पाणी घेऊन आले. ज्याने पाणी बंद केलं त्याच्याच घरी लोक पाणी घेऊन येत होते. व्हॉल्व्हसाहेबांना खूप शरम वाटली आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

भिंगरीने नवी कॅप्सूल जिभेवर ठेवली. एक घोट घेऊन तोंडात धरला. हनुवटी छातीकडे नेली आणि गिळलं. मग ती तशीच थांबली. तिने डोकं वर केलं आणि आ केला. आत्याने विजेरी मारली, जिभेखाली पाहिलं, दोन्ही गालांत पाहिलं.

"नाही आहे," आत्या म्हणाली. "अगं, गेली."

मास्तरांनी 'शाब्बास' इतक्या मोठ्याने म्हटलं की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली. भिंगरीने दुसरी गिळली, मग तिसरी, मग कोणी न सांगता चौथी. पाकीट रिकामं होईल म्हणून आईने ते काढून घेतलं आणि पदराने डोळे पुसले. पण भिंगरीने त्यातली एक काढून घेतली होती. ती तिने बापाच्या तळहातावर ठेवली आणि पेला पुढे केला. व्हॉल्व्हसाहेबांनी हनुवटी छातीला लावली, डोळे मिटले आणि गिळलं. काहीतरी खाली सरकलं. त्यांनी आ करून सगळ्यांना दाखवलं, काकूंना तर दोनदा. चाळिशी उलटलेल्या त्या माणसाला एवढा आनंद खात्यात बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

सोमवारी निकाल आला आणि डॉक्टरांनी औषध ठरवलं. सिस्टरने खरी कॅप्सूल आणि पाणी आणलं. ही सरावाच्या कॅप्सूलपेक्षा जाडजूड होती. व्हॉल्व्हसाहेबांनी ती दोनदा निरखून पाहिली. सिस्टर मायेने म्हणाली, मान वर कर हं बाळा. भिंगरीने तिला समजावलं की मान वर करायची नसते, ही तरंगते. मग घोट घेतला, हनुवटी खाली नेली आणि गिळलं. सिस्टरने तोंडात पाहिलं आणि डॉक्टरांना मान डोलावून सांगितलं. डॉक्टरांनी बेडची चिठ्ठी फाडली आणि घरच्या औषधाची चिठ्ठी लिहायला घेतली. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, कोणी शिकवलं गं?

व्हॉल्व्हसाहेब खुर्चीत ताठ झाले.

"बाबांना बघून कळलं," भिंगरी म्हणाली, "काय करायचं नाही ते."

केबिनबाहेर बाकावर एक धिप्पाड ट्रक ड्रायव्हर आपल्या लहान लेकीला मांडीवर घेऊन बसला होता. तिच्याही हातात तसलंच पाकीट होतं आणि तिने तोंड घट्ट मिटून घेतलं होतं. दार उघडं असल्यामुळे आतलं सगळं त्यांना ऐकू आलं होतं. भिंगरी चालता चालता थांबली आणि त्या मुलीला पेला, पाणी, हनुवटी हे सगळं सांगायला लागली. ड्रायव्हर उठून व्हॉल्व्हसाहेबांना बाजूला घेऊन गेला. इकडे तिकडे बघून हळूच म्हणाला, "साहेब, ती म्हणते आधी पप्पांनी घ्यायची. आणि मला येत नाही हो. घरात कोणाला माहीत नाही."

व्हॉल्व्हसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला कोपऱ्यातल्या पाण्याच्या नळाशी नेलं. पेला भरून त्याच्या हातात दिला. तो धिप्पाड माणूस पेल्याकडे विहिरीत डोकावल्यासारखा बघत राहिला. भिंगरी त्या मुलीचा हात धरून तिथे आली होती.

"काका, घाबरू नका," ती म्हणाली. "माझ्या बाबांना जमलं, म्हणजे कोणालाही जमतं."

सगळा कॉरिडॉर बघत होता. व्हॉल्व्हसाहेबांनी शर्ट नीट केला, छाती पुढे काढली आणि म्हणाले, "अगदी खरं बोलते आहे ती."